फक्त जमेची बाजू

ऑनलाइन दुकानाच्या खात्यात ‘माझ्या ऑर्डर्स’ नावाचे जे पान असते, तिथे माणूस सहसा कामापुरताच जातो. एखाद्या यंत्राची वॉरंटी संपली की नाही हे पाहायचे असते, किंवा मागच्या वेळी बल्ब नेमका कोणत्या मापाचा मागवला होता ते हवे असते. पानाच्या वरच्या बाजूला वर्ष निवडण्याची एक छोटी पट्टी असते. ती उघडली की चालू वर्षापासून थेट खाते काढल्याच्या वर्षापर्यंत सगळी वर्षे एका रांगेत उभी दिसतात, आणि बोट हव्या त्या वर्षावर न थांबता रांगेच्या तळाशी जाते. ते तिकडे का जाते, आणि तिथे पोहोचल्यावर मनात जे दाटून येते ते कशामुळे, याचा मी बरेच दिवस विचार करते आहे.

एवढी जुनी नोंद आपल्याकडे असू शकते, ही गोष्टच मुळात नवी आहे. इंटरनेटवरून सुरक्षितपणे पैसे भरून झालेल्या खरेदीचे सुरुवातीचे उदाहरण म्हणून ११ ऑगस्ट १९९४ रोजी विकल्या गेलेल्या संगीताच्या एका सीडीचा दाखला नेहमी दिला जातो. ॲमेझॉनने पुस्तके विकायला जुलै १९९५ मध्ये सुरुवात केली आणि ईबे त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अवतरले. म्हणजे अगदी पहिल्या फळीतल्या ग्राहकाची यादीही तीस वर्षांच्या फार पलीकडे जात नाही. पण तीस वर्षे हा जाणत्या आयुष्याचा मोठाच भाग झाला. रोजनिशी लिहिण्याची शिस्त ज्यांना कधी जमली नाही, घरखर्चाची वही ज्यांनी नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यापुरतीच लिहिली, अशा माझ्यासारख्या असंख्य माणसांच्या हाती स्वतःच्या आयुष्याचा तारीखवार दस्तऐवज आयता पडला आहे, आणि तो तयार होत असताना आपण काही लिहून ठेवत आहोत याची आपल्याला कल्पनाही नव्हती. त्यामुळे त्यात ऐट नाही. रोजनिशीत माणूस थोडा तरी बरा दिसण्याचा प्रयत्न करतो. टाचांच्या भेगांवरचे मलम मागवताना तसा प्रयत्न कोणी करत नाही.

मात्र हा दस्तऐवज एकाच बाजूचा आहे. जमाखर्चाच्या वहीला दोन बाजू असतात. या यादीला फक्त जमेची बाजू आहे. वस्तू घरात आली तो दिवस तिला ठाऊक असतो. ती घरातून केव्हा गेली, कशी गेली आणि कोणाबरोबर गेली, याविषयी ती अवाक्षर काढत नाही. इंग्लंडमध्ये सोळाव्या ते अठराव्या शतकांत माणूस वारला की शेजारपाजारचे काही जाणते लोक त्याच्या घरात फिरत, पुष्कळदा खोलीगणिक वस्तूंची किंमत लावून यादी करत, आणि ती यादी वारशाच्या कागदपत्रांबरोबर दाखल होत असे. साध्यासुध्या घरांत घड्याळे, आरसे आणि पडदे केव्हा शिरले, हे इतिहासकारांनी त्या याद्यांवरून शोधून काढले आहे. तिथे आमच्या उलट प्रकार होता. शेवटी काय उरले ते तिथे कळते, पण ते कधी आणि कोणत्या हौसेने आणले होते ते कळत नाही. आमच्या यादीत हौस आहे, तारीख आहे, अगदी वेळसुद्धा आहे, आणि उरले काय याचा पत्ता नाही. मला वाटते, जुन्या खरेदीकडे पाहताना जी हुरहुर लागते ती या कोऱ्या राहिलेल्या बाजूची असते. पडद्यावर ‘डिलिव्हर झाले’ असे लिहिलेले दिसते, तिथे दुकानाचा हिशेब मिटतो आणि वाचणाऱ्याचा सुरू होतो. ती छत्री कोणी नेली? तो टेबलावरचा दिवा कोणत्या घरात राहिला?

वस्तूचे नुसते नाव वाचून एवढे सगळे कसे उसळून येते, याचे एक उत्तर विल्लेम वाखेनार या डच मानसशास्त्रज्ञाच्या चिकाटीत सापडते. १९७८ ते १९८४ अशी सहा वर्षे त्यांनी रोज स्वतःच्या आयुष्यातली एखाद-दुसरी घटना टिपून ठेवली आणि प्रत्येक घटनेची नोंद काय, कोण, कुठे व केव्हा अशा चार भागांत केली. नंतर यांतला एकेक धागा हाती घेऊन बाकीचे आठवते का, हे त्यांनी स्वतःवरच तपासून पाहिले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ‘काय’ हा धागा सर्वांत उपयोगी ठरला आणि ‘केव्हा’ हा जवळजवळ निरुपयोगी. एखादी तारीख सांगून त्या दिवशी काय घडले असे विचारले, तर बहुतेक माणसे गप्प बसतील. पण ‘पिवळा रेनकोट’ असे म्हटले की पावसासकट सगळे उभे राहते. ऑर्डरची यादी नेमका हा ‘काय’ आपल्या हाती देते, आणि जे आपण विसरणारच होतो ते ‘केव्हा’ आणि ‘कुठे’ शेजारी लिहून ठेवते. फक्त ‘कोण’ तिला माहीत नसतो. तो रकाना आपल्यावर सोपवलेला असतो, आणि खरे तर यादीतला तोच एक रकाना महत्त्वाचा आहे.

माझ्या यादीच्या तळाशी उपकरणांचा थर आहे. तिथे कोऱ्या सीडींची चळत आहे, खिशातल्या संगीतयंत्राचे कव्हर आहे, कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड आहे आणि पुढे वर्षानुवर्षे नुसत्या केबल आहेत. मायक्रो यूएसबीची रचना २००७ मध्ये जाहीर झाली, २००९ मध्ये युरोपात मोबाइल बनवणाऱ्या कंपन्यांनी ती सामायिक चार्जरसाठी मान्य केली, २०१४ मध्ये यूएसबी-सी आली आणि डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात नव्या मोबाइलना तीच सक्तीची झाली. हा सगळा इतिहास माझ्या यादीत केबलींच्या रूपाने क्रमवार हजर आहे, आणि त्या सगळ्या केबली, बहुधा, कपाटातल्या एकाच डब्यात एकमेकींत गुंतून पडल्या आहेत. खरे सांगायचे तर उपकरणांविषयी मला फारसा उमाळा येत नाही. जुने यंत्र हातात घेऊन गहिवरणाऱ्यांची मला थोडी गंमतच वाटते, कारण ते यंत्र चालू होते तेव्हा ते हळू चालते म्हणून सर्वांत जास्त कुरकुर त्यांनीच केलेली असते. पण ते २ जीबीचे मेमरी कार्ड मात्र मला थांबवते. जुन्या प्रकारच्या त्या कार्डांची क्षमताच तेवढ्यावर संपत असे, आणि प्रवासात कार्ड भरले की रात्री खोलीवर बसून कोणता फोटो ठेवायचा आणि कोणता खोडायचा याची वाटाघाट चाले. खोडलेल्या फोटोंत कोण होते, हे मला आजही आठवते, आणि ठेवलेल्या फोटोंपैकी पुष्कळ फोटो मी पुन्हा पाहिलेले नाहीत.

यादीत माणसाच्या अपुऱ्या संकल्पांची गर्दी असते हे सगळ्यांनाच माहीत आहे, आणि त्यावर विनोदही पुष्कळ झाले आहेत: व्यायामाची चटई, परकी भाषा शिकण्याची पुस्तके, जलरंगांचा संच. मला त्याहून दुसऱ्या खरेदीत रस वाटतो. युकुलेली मागवली याचा अर्थ ती वाजवावीशी वाटली, एवढाच होतो. दीड वर्षाने तिच्या तारा मागवल्या, याचा अर्थ ती वाजत होती. रंगांचा संच ही इच्छा आहे, पण त्यातला एकटा निळा रंग वेगळा मागवलेला दिसला की कोणीतरी आकाश किंवा पाणी रंगवत बसले होते याची खात्री पटते. यादी वापराची नोंद ठेवत नाही खरी, तरी संपलेल्या आणि झिजलेल्या वस्तू जिथे पुन्हा मागवल्या जातात तिथे वापर चुकून उघडा पडतो. जुनी यादी वाचायची तर अशा ओळी शोधत वाचावी.

लेकीचे बूट हे याचे सर्वांत सरळ उदाहरण. युरोपीय मापांत बुटाचा एक क्रमांक म्हणजे साच्याच्या लांबीतला दोन तृतीयांश सेंटिमीटर, साधारण ६.७ मिलिमीटर. माझ्या यादीत हे क्रमांक बावीसपासून चढत जातात. सुरुवातीला ते इतक्या भराभर चढतात की वर्षाच्या एकाच पानावर दोन-तीन मापे भेटतात; मग पायऱ्या लांबत जातात, आणि एका क्रमांकावर येऊन चढ थांबतो. तिची उंची आम्ही कुठेही नियमाने मोजून ठेवली नाही, पण पायांची वाढ मिलिमीटरपर्यंत नोंदली गेली आहे, तीही कोणी न ठरवता. चढ थांबल्यावर आणखी थोडे दिवस बूट माझ्याच खात्यावरून येत राहिले. नंतर ते यादीतून नाहीसे झाले, कारण तिने स्वतःचे खाते उघडले. ते कोणत्या दिवशी उघडले हे माझी यादी सांगू शकत नाही. बूट आले नाहीत, एवढेच तिला दाखवता येते. पाय वाढायचा थांबला त्या तारखेचे मला काहीच वाटले नाही. बूट येईनासे झाले तिथे मात्र मी पान पुढे सरकवायला वेळ लावला.

पत्त्यांचे तसेच. ज्या घरांत आपण राहिलो ती सगळी घरे ‘जतन केलेले पत्ते’ या सदरात एकाखाली एक नांदत असतात, आणि प्रत्येकाखाली ‘या पत्त्यावर पाठवा’ असे बटण तयार असते. एका पत्त्यात मजल्याच्या पुढे ‘बेल वाजत नाही, फोन करावा’ अशी सूचना आहे. तिथली बेल आम्ही राहिलो तोवर दुरुस्त झाली नाही, आणि सोडल्यावर झाली असेल तर ते आम्हाला कळण्याचे कारण नाही. दुसऱ्या एका पत्त्यावर केवळ एकच वस्तू गेलेली आहे. ते एका मैत्रिणीचे घर, आणि ती वस्तू तिच्या बाळासाठी होती. आता आमचे बोलणे नाही. पत्ता खोडून टाकायला एक क्षण पुरेल, पण तो मी खोडत नाही, आणि त्याचे कारण शोधतही नाही.

२०२० चे पान जगात कुठेही उघडले तरी बरेचसे सारखेच दिसत असावे. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च रोजी महासाथ जाहीर केली, आणि यादीत तापमापक, मास्क, वेबकॅम, घरी केस कापण्याचे यंत्र आणि हजार तुकड्यांचे जोडचित्र असे पाठोपाठ येऊन दाखल झाले. या पानाविषयी मला आपुलकी नाही. ते जितके लवकर सरकेल तितके बरे.

पण त्या वर्षानंतरच्या पानांचा एक गुण सांगितला पाहिजे: ती आठवत नाहीत. सुरुवातीच्या वर्षांतल्या ऑर्डर मोजक्या आहेत आणि त्यांतली जवळजवळ प्रत्येक मला ओळखीची आहे. ती वस्तू घ्यावी की नाही यावर घरात झालेली चर्चा, कार्डाचा क्रमांक भरताना वाटलेली धास्ती, आणि नंतर दिवसेंदिवस पाहिलेली वाट, हे सगळे तिला चिकटलेले आहे. अलीकडच्या पानांवर मात्र अशा वस्तू भेटतात की त्या मीच मागवल्या यावर विश्वास बसत नाही. एका क्लिकवर खरेदी पुरी करण्याच्या युक्तीचे पेटंट ॲमेझॉनला १९९९ मध्ये मिळाले आणि २०१७ मध्ये त्याची मुदत संपली. आता ती सोय अनेकांकडे आहे, आणि सकाळी मागवलेली वस्तू संध्याकाळी दारात असते. मध्ये वाट पाहण्याचे दिवसच उरले नाहीत, तर आठवण राहणार कशाला? पुढे कधीतरी या वर्षांची यादी उघडणाऱ्याला ओळी शेकडो सापडतील आणि त्यांतून वर येणारे फार थोडे असेल, असा माझा कयास आहे.

डिजिटल पुस्तकांच्या बाबतीत तर ही एकतर्फी नोंद जरा विचित्रच होते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने काही ग्राहकांच्या किंडलवरून विकत घेतलेल्या पुस्तकांच्या प्रती दूरवरूनच पुसून टाकल्या होत्या, आणि त्यावर गदारोळ झाल्यावर कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली होती. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण जुलैपासून पुस्तके उघडेनाशी झाली. छापील पुस्तक हरवले तर कोणाच्या तरी घरी ते असेल अशी आशा असते, निदान संशय तरी घेता येतो. इथे पुस्तक कोणी नेले असे विचारण्याची सोयच राहत नाही.

दुकान ही यादी सांभाळते ती अर्थातच आपल्या आठवणींसाठी नाही. वस्तू परत करणे, कर, वॉरंटी ही कारणे आहेतच. त्याखेरीज मागच्या खरेदीवरून पुढची सुचवता यावी हेही आहे. कोणती वस्तू घेणारे लोक दुसरी कोणती वस्तू घेतात याचे कोष्टक तयार ठेवून शिफारशी करण्याची आपली पद्धत ॲमेझॉनच्या तीन तंत्रज्ञांनी २००३ मध्ये एका लेखात उघडपणे मांडली होती. ती पद्धत व्यवहारात चोख चालते, पण गणितालाही फक्त जमेचीच बाजू दिसते. म्हणून बाबा जाऊन बराच काळ लोटल्यावरही माझ्या पडद्यावर त्यांच्या श्रवणयंत्राच्या बॅटऱ्यांचे चित्र येते आणि खाली लिहिलेले असते, ‘पुन्हा खरेदी करा’. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा राग आला. आता येत नाही. त्या बिचाऱ्या बटणाला कोणी काही सांगितलेलेच नाही.

त्या बॅटऱ्या ३१२ क्रमांकाच्या, तपकिरी चिकटपट्टीच्या, मसुराच्या दाण्याहून जरा मोठ्या. जस्त आणि हवेतला प्राणवायू यांच्यातल्या क्रियेवर त्या चालतात. पट्टी काढेपर्यंत त्या वर्षानुवर्षे तशाच राहतात. पट्टी काढली की बारीक छिद्रातून हवा आत शिरते, आणि मग यंत्र कानात असो वा डबीत, बॅटरी हळूहळू संपत राहते. पट्टी पुन्हा चिकटवून फारसे काही साधत नाही. बाबांना हे पटत नसे. ते रात्री यंत्र काढताना पट्ट्या परत लावून ठेवत आणि सकाळी त्या नखाने सोडवत बसत. एक बॅटरी साधारण आठवडाभर पुरते. दोन कानांना मिळून ६० बॅटऱ्यांचा खोका सहा-सात महिने चालायला हवा. माझ्या यादीत सुरुवातीच्या वर्षांत हे अंतर बरोबर तेवढेच आहे. नंतर ते वाढत जाते, आणि शेवटच्या दोन ऑर्डरींमध्ये वर्षाहून अधिक काळ गेलेला दिसतो. या वाढत्या अंतराचा अर्थ एकच लागत होता: बाबा यंत्र घालत नव्हते, आमचे बोलणे ऐकण्याचा त्यांना कंटाळा आला होता, आणि फोनवर ते जे ‘हो, हो’ म्हणत ते नुसतेच म्हणत होते. तारखा समोर असल्यामुळे हा अर्थ फारच पक्का वाटत होता.

युरोपीय संघाच्या माहितीसंरक्षण कायद्याने २५ मे २०१८ पासून तिथल्या लोकांना स्वतःच्या माहितीची प्रत मागण्याचा हक्क मिळाला, आणि मी जिथून खरेदी करते तिथेही ही सोय आहे. मागणी नोंदवल्यावर काही दिवसांनी एक फाइल आली: ऑर्डरचा क्रमांक, तारीख, वस्तू, नग, पत्ता. मी त्या तक्त्याच्या उजवीकडे दोन रकाने वाढवले, ‘कोणासाठी’ आणि ‘कुठे गेली’, आणि आठवेल तसे भरत गेले. जिथे अडले तिथे ताईला विचारले. ‘कुठे गेली’ या रकान्यात अपेक्षेपेक्षा जास्त ओळी भरल्या गेल्या, कारण ताईला कोणी काय उचलून नेले हे सगळे पाठ आहे, आणि त्याविषयी तिचे मनही फारसे साफ नाही.

बॅटऱ्यांच्या ओळीशी आल्यावर मी तिला त्या वाढत्या अंतराविषयी सांगितले. ती म्हणाली, “अगं, मीही पाठवत होते की.” बाबांनी तिला एकदा बॅटऱ्या संपल्या असे सांगितले, तेव्हापासून ती तिच्या खात्यावरून, दुसऱ्याच दुकानातून, नेमाने खोके पाठवत होती. मी पाठवते हे तिला त्यांनी सांगितले नाही, आणि ती पाठवते हे मला. तिने तिथल्या तिथे फोनवरच आपल्या ऑर्डर शोधून तारखा वाचून दाखवल्या, आणि मी त्या माझ्या तारखांच्या मध्ये लिहीत गेले. दोन्ही मिळून अंतर पुन्हा सहा-सात महिन्यांचे झाले, अगदी शेवटच्या खोक्यापर्यंत.

आता ताईनेही तिच्या यादीची प्रत मागवली आहे, आणि ती आली की दोन्ही तक्ते तारखेप्रमाणे एकत्र लावायचे असे ठरले आहे. तिचे खाते माझ्यापेक्षा जुने आहे, आणि पहिल्या काही वर्षांत तिने बहुतेक वस्तू माझ्याच पत्त्यावर पाठवलेल्या आहेत. त्या कोणासाठी होत्या हे तिला आठवत नाही, असे ती म्हणते. तेव्हा तो रकाना भरण्याचे काम या वेळी माझ्याकडे येणार आहे.